मशीन बंद पडलेल्या सकाळी

“हिच्या आईच्या वेळंला लई बंद पडायचं मशीन,” माझ्या मागे कुणीतरी म्हणालं आणि दोघी-तिघी हसल्या.

मी वळून बघितलं नाही. किटली या हातातून त्या हातात घेतली आणि पुढच्या माणसाच्या सदऱ्याकडे बघत राहिले. गावातल्या दूध डेअरीच्या रांगेत उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ होती. पप्पांचा पाय मुरगळला होता, म्हणून मी पुण्याहून आठवड्याची रजा टाकून आले होते. गाईची धार ते स्टुलावर बसून काढत, पण डेअरीपर्यंत चालणं त्यांना जमत नव्हतं.

“नंबर?” सेक्रेटरी काकांनी विचारलं.

डेअरीत नाव कुणी घेत नाही. प्रत्येक घराला एक नंबर आहे आणि माणसं त्याच नंबराने ओळखली जातात. बावीस नंबरच्या काकू, चाळीसवाले, साठवाल्यांची सून. आमचा नंबर एकोणऐंशी. लहानपणी नेवाशाच्या इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीतून घरी आले, की मम्मी मला हा नंबर म्हणायला लावायची आणि मी दर वेळी एकोणनव्वद म्हणायचे. आताही मी आधी मनात इंग्रजीत आकडा धरला, मग तो मराठीत वळवला, आणि तोवर काकांनीच बटणं दाबली होती.

“एकोणऐंशी. ठाऊक हाय मला. आईवर गेलीस तोंडानं, बोलण्यानं न्हाई गेलीस.”

मागच्या बायका पुन्हा हसल्या. मशीनच्या नळीने कपातलं दूध ओढून घेतलं, आणि शेजारच्या राखाडी डब्यावर लाल आकडे उमटले. फॅट चार पॉइंट शून्य. डब्यातून पावती सरकत बाहेर आली. मी तो डबा पहिल्यांदाच बघत होते, पण त्याच्याविषयी मला गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहिती होती, असा माझा समज होता.

मम्मी जाऊन दुसरा हिवाळा सरला होता. मी पुण्यात होस्टेलवर असल्यापासून, आणि नोकरी लागल्यावरही, तिचा फोन सकाळी पावणेसातला यायचा. डेअरीच्या पायरीवरून. मागे किटल्यांचे, काट्याचे, बायकांच्या बोलण्याचे आवाज असायचे. माझी उत्तरं ठरलेली होती.

“उठलीस?”

“हो.”

“चहा झाला?”

“घेते.”

“ठेवू?”

“ठेव.”

मला बोलायचं नसायचं असं नाही. काय बोलायचं ते सुचायचं नाही. शाळेत मराठीत बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे आणि घरी इंग्रजीचा उपयोग नव्हता. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी माझं बोलणं अडकून बसलं. पण अधूनमधून एखाद्या सकाळी मम्मी म्हणायची, “अगं, मशीन बंद पडलंय बघ. आता अर्धा तास तरी हलत न्हाई मी इथून.” आणि मी उशीवरून उठून बसायचे. मशीन हा माझा विषय होता. मी पुण्यात विजेच्या मीटरच्या आतला प्रोग्राम तपासते. एखादा डबा का गप्प झाला, हे शोधण्यात माझा दिवस जातो.

“डब्यावर काय दिसतंय?”

“काही न्हाई. काळं.”

“दिवा लागलाय का?”

“थांब, बघते. लाल लागलाय. मिचकावतोय.”

“मागची वायर काढून परत लावायला सांग काकांना.”

थोडा वेळ नुसते आवाज. मग, “लावली. न्हाई झालं. तू काय खाल्लंस काल रात्री?”

असं दहा-पंधरा मिनिटं चालायचं. वायरीमध्ये मेस, मेसमध्ये माझी खोकल्याची उबळ, पुन्हा दिवा. शेवटी मी म्हणायचे, “पुढच्या वेळी आले की मी येऊन बघते.” सुट्टीत घरी गेले की मात्र सकाळी उठणं व्हायचं नाही. डेअरी सात-साडेसातला बंद होते. एकदाही गेले नाही.

कामाच्या सवयीने मी तिच्या तक्रारी फोनमध्ये टिपून ठेवल्या होत्या. तारीख, वेळ, लक्षण. ‘डिस्प्ले काळा.’ ‘प्रिंटर अडकला.’ ‘गुरगुरतंय (मम्मीचा शब्द).’ अशा एकतीस नोंदी. एवढी वेगवेगळी लक्षणं असलेला बिघाड मी कधी बघितला नव्हता. शेवटची नोंद ती आजारी पडायच्या आठ दिवस आधीची आहे.

त्या पहिल्या सकाळी मी किटली धूत होते, तेव्हा काका कुणाला तरी सांगत होते, की शनिवारी कंपनीचा माणूस नवा डबा आणणार आहे आणि जुना बदल्यात घेऊन जाणार आहे. तो सोमवार होता. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मी तिला शब्द दिला होता, की येऊन बघते. तो डबा गेला, तर ते बघणं कायमचं राहणार होतं. आणि खरं सांगायचं, तर बिघाड हे निमित्त होतं. त्या डब्यात प्रत्येक दुधाची वेळ साठत असणार, हे मला कळत होतं. म्हणजे मम्मीच्या सकाळी त्यात होत्या. तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. आम्ही कधी व्हॉइस मेसेज केला नाही, व्हिडिओ काढला नाही. निदान ती किती वाजता पायरी चढली, एवढं तरी बघायला मिळालं असतं.

काकांना विचारायला मला दोन दिवस लागले. बुधवारी शेवटची किटली गेल्यावर मी दारात उभी राहिले.

“काका, तो डबा बघायचा होता.”

“बघ की. बघायला काय लागतंय?”

“आतून.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “कंपनीचा माणूस म्हणतो, मागच्या भोकाला कुणी हात लावायचा न्हाई. ते त्येंच्या लॅपटॉपसाठीच हाय म्हणं.”

“डबा कुणाचा आहे?”

हा प्रश्न मी फार हळू विचारला होता, पण त्यांनी त्यावर बराच विचार केला. “डेअरीचा. बिल हाय आपल्याकडं.” मग किल्ली माझ्यापुढे धरली. “दुपारी कुणी नसतंय. पण पाचच्या आत मला हाय तसं पाहिजे मशीन. गाई काय थांबत न्हाईत कुनासाठी.”

मागचं भोक म्हणजे नऊ पिनांचा जुना पोर्ट. वर कंपनीचं स्टिकर होतं, ते मी कडेने सोडवलं आणि केबल लावून माझा लॅपटॉप जोडला. टेबलाच्या खणात एक पातळ पुस्तिका सापडली, दुधाचे डाग पडलेली. त्यात पाच कमांड दिल्या होत्या, प्रत्येक एका इंग्रजी अक्षराची. तारीख लावा, पावती छापा, शेवटचे दहा दिवस दाखवा, असल्या. दहा दिवसांच्या मागचं कसं काढायचं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते ज्यांना माहीत होतं त्यांनी लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

अशा वेळी करायचं काम सोपं आणि कंटाळवाणं असतं. एकेक अक्षर पाठवायचं आणि डबा काय म्हणतो ते ऐकायचं. मी ए पाठवला. डब्याने उत्तर दिलं, एरर एक. बी. एरर एक. पुस्तिकेतली पाच अक्षरं सोडली तर सगळ्यांना तेच उत्तर. बाहेर ऊस वाहणारा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘दुधात पाणी मिसळू नये’ लिहिलं होतं, आणि खाली कुणीतरी पेन्सिलीने ‘पाण्यात दूध चालेल’ असं जोडलं होतं. मोठी अक्षरं संपली, मी लहान अक्षरं सुरू केली. एका अक्षराला डब्याने वेगळं उत्तर दिलं. एरर दोन.

मी खुर्चीत मागे टेकले. एरर एक म्हणजे, तू काय म्हणतेस ते मला कळत नाही. एरर दोन म्हणजे, कळतंय, पण अजून काहीतरी सांग.

काय सांगायचं ते मात्र कळत नव्हतं. गुरुवारी मी त्या अक्षरापुढे आकडे लावून पाहिले. दोन आकडे, चार, सहा. सहा आकड्यांना डबा एकदम विझला आणि पुन्हा सुरू झाला. सगळं चालत होतं, फक्त तारीख मागे गेली होती, आणि ती पुस्तिकेतल्या कमांडने लावायची हे घाबरल्यामुळे मला सुचलं नाही. संध्याकाळी पहिल्या चार पावत्यांवर एक जानेवारी छापून आलं.

“एक जानेवारी?” बावीस नंबरच्या काकूंनी पावती लांब धरून वाचली. “म्हंजे सगळ्या वर्साची धुणीभांडी परत करायची व्हय गं?”

“हिनं हात लावलाय,” काका म्हणाले, पण रागावून नाही. “आईचं नुसतं तोंड, हिचा हात.”

मी तारीख नीट केली आणि घरी गेले. पप्पांनी विचारलं, “झालं का?” मी म्हटलं, “नाही.” ते म्हणाले, “बरं.” मम्मी असताना तीच आमच्या दोघांमधलं बोलायची. मला फोन केला की पप्पा मागून म्हणत, “बरी हाय का विचार.” ती विचारायची, मी सांगायचे, ती त्यांना सांगायची. आता दर रविवारी पप्पा स्वतः फोन करतात. बरं हाय ना? हो. ठेवू? ठेवा. ‘ठेवू’ मम्मीचंच आहे, पण मम्मी ते शेवटी म्हणायची. पप्पा जवळजवळ सुरुवातीलाच म्हणतात.

शुक्रवारी दुपारी आठ आकडे लावले, चार कुठल्या महिना-सालापासून आणि चार कुठल्यापर्यंत, आणि डबा बोलायला लागला. लॅपटॉपवर ओळीमागून ओळी उतरू लागल्या. त्या थांबेचनात. मी इतकी खूश झाले की उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. सांगायला कुणी नव्हतं.

ओळी म्हणजे नुसते आकडे होते. कुठला आकडा काय आहे, ते शोधायला एक ओळखीची पावती पाहिजे होती. मम्मी पावत्या स्वयंपाकघरातल्या तारेच्या आकड्यावर टोचून ठेवायची. ती तार पप्पांनी अजून काढलेली नाही. त्यातली एक पावती मी सकाळीच आणून ठेवली होती. तारीख, एकोणऐंशी, सहा वाजून अकरा मिनिटं, फॅट चार पॉइंट एक. त्याच आकड्यांची ओळ मी शोधत गेले आणि ती सापडली. डब्यात मम्मीचा नंबर एकोणऐंशी नव्हता आणि सेव्हन्टी नाइनही नव्हता. मशीन आकडे मोजतं त्या पद्धतीने तो चार आणि एफ असा लिहिलेला होता. तेवढं कळल्यावर सगळ्या ओळी वाचता येऊ लागल्या.

डब्यात साधारण चार वर्षं मावत होती. जागा भरली, की तो सर्वांत जुनी ओळ पुसून तिथे नवी लिहीत होता. म्हणजे या आठवड्यात रोज मी जे दूध घालत होते, त्याच्या प्रत्येक पावतीबरोबर एक जुनी सकाळ जात होती.

मग मी फक्त एकोणऐंशीच्या ओळी वेगळ्या काढल्या. सहा दहा. सहा बारा. सहा नऊ. थंडीत सहा वीस. एका दिवशी सहा पन्नास, तेव्हा बहुतेक गाय व्याली असेल. संध्याकाळच्या वेळा जरा मागेपुढे. एवढी वक्तशीर बाई माझी आई होती, हे मला माहीत नव्हतं. मला ती फक्त पावणेसातची माहीत होती. पुढे एका तारखेला एकोणऐंशी थांबतो. तेरा दिवस नाहीच. शेजारच्यांनी आमचं दूध त्यांच्या नंबरावर घातलं होतं. चौदाव्या दिवशी पुन्हा सुरू होतो, सात वीसला, डेअरी बंद व्हायच्या बेतात. ते पप्पा. दुधाची फॅट तीच, वेळ दुसऱ्या माणसाची.

आता बिघाड शोधायचा राहिला होता. मी फोनमधली माझी यादी उघडली. पहिली नोंद, सकाळी सहा अठ्ठेचाळीस, डिस्प्ले काळा. त्या तारखेच्या सगळ्या ओळी काढल्या. मशीन बंद असेल तर तिथे खिंडार दिसायला हवं होतं. दिसलं नाही. सहा सेहेचाळीस, एक दूध. सहा सत्तेचाळीस, एक. सहा अठ्ठेचाळीस, दोन. सहा पन्नास. एक्कावन्न. मला वाटलं, डब्याचं घड्याळ पुढेमागे असेल. दुसरी नोंद घेतली, प्रिंटर अडकला. त्या दिवशीही रांग मिनिटामिनिटाला पुढे सरकत होती. तिसरी. चौथी. गुरगुरतंय. त्या गुरगुरणाऱ्या सकाळी मशीनने एकामागून एक चौदा घरांचं दूध तपासलं होतं. आणि या प्रत्येक दिवशी एकोणऐंशीचं दूध सहा दहाच्या आसपास घालून झालेलं होतं.

मी एकतिसाव्या नोंदीपर्यंत गेले. मधे कुठेतरी मला कळलं होतं, तरी गेले.

सवासहाला तिचं काम संपत होतं. त्यानंतर अर्धा तास ती पायरीवर बसून राहायची, मी उठायची वेळ होईपर्यंत. रोज फोन करायची आणि रोज मी तिला चार शब्दांत वाटेला लावायचे. कधीतरी तिच्या लक्षात आलं असेल, की मशीनचं काढलं की पोरगी बोलते. मग चालू मशीनसमोर बसून ती मला मिचकावणारे दिवे सांगायची. ‘थांब, बघते’ म्हणून गप्प बसायची, वायर काढून लावायला जितका वेळ लागतो तितका.

पाचला काका आले. मी लॅपटॉप मिटला नव्हता.

“सापडला का बिघाड?”

मी मान हलवली. नाही.

ते काट्यावरचं फडकं काढत म्हणाले, “कसा सापडंल? माझं मशीन बदनाम केलं तिनं. मी समोर दूध मापतोय आणि ही फोनवर सांगतीय, बंद पडलंय म्हणून. दिवा मिचकावतोय म्हणं. बायकांनी ऐकलं, कमिटीच्या कानावर गेलं, त्येंनी दोनदा माणूस बोलावला तपासायला.” ते हसायला लागले. मग माझ्याकडे बघून थांबले. “मी म्हणलं एकदा तिला, खोटं कशाला बोलती गं पोरीशी? तर म्हणाली, चालू हाय म्हणलं की ठेवते ती.”

मी लॅपटॉप मिटला. काकांनी लाईट लावली आणि बाहेर बघून हाक दिली, “या, बावीस.”

शनिवारी कंपनीचा माणूस आला. त्याने जुना डबा पोत्यात घातला. स्टिकरची कड उचकटलेली बघून त्याने विचारलं, “कुणी हात लावला का याला?”

“कोन लावतंय,” काका म्हणाले. “इथं कुनाला कळतंय त्यातलं?”

नवा डबा पांढरा आहे. त्याला मागे भोकच नाही. सगळं कंपनीकडे परस्पर जातं म्हणे. जुन्या डब्यातल्या ओळी माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत. त्यांचं काय करायचं ते मी ठरवलेलं नाही.

रविवारी दुपारची माझी गाडी होती. सकाळी मी लवकर उठले, पप्पांनी धार काढून दिली, आणि सहा दहाला मी डेअरीत होते. “एकोणऐंशी,” मी म्हटलं. जरा चढ्या आवाजात निघालं. काकांनी वर बघितलं आणि बटणं दाबली. नव्या मशीनने दूध ओढलं, हिरवे आकडे उमटले, पावती आली. सगळं मिळून अर्धं मिनिट.

मी पायरीवर बसले. दगड गार होता. समोर चिंचेखाली दोन मोटारसायकली, रस्त्यावर उसाची चिपाडं, पलीकडे शाळेची भिंत. तिला रोज एवढंच दिसत असणार. घर तिथून पाच मिनिटांवर आहे. मी किटली पायाशी ठेवली आणि पप्पांना फोन लावला.

“काय गं? पडलीबिडली का?”

“नाही.”

“मग? दूध परत केलं का?”

“नाही.”

तिकडे गाय हंबरली. पप्पा वाट बघत होते. आता ते ‘ठेवू?’ म्हणणार, हे मला माहीत होतं. माझ्या मागे काट्यावर किटली आदळली, काकांनी पुढचा नंबर पुकारला, नवं मशीन बारीक आवाजात दूध ओढू लागलं. हे सगळं त्यांना फोनमधून ऐकू जात असणार.

“मशीन बंद पडलंय,” मी म्हटलं.

ते हळू म्हणाले, “कालच तर नवं बसवलंय ना?”

“हो,” मी म्हटलं. “तरी पडलंय. अर्धा तास तरी लागेल. तोवर बोला माझ्याशी.”